चेन किट बदललं तरी खडखड परत येते? आधी हे तपासा

गोष्ट आहे इंजिनाच्या आतल्या टायमिंग चेनची, आणि काही गाड्यांत तिच्या जागी असणाऱ्या टायमिंग बेल्टची. किट म्हणजे चेन आणि तिच्यासोबत बदलायचे पार्ट. आधी लक्षणं. तुमच्या गाडीशी यातलं काय जुळतं ते बघा आणि मग पुढे वाचा.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सेल्फ मारल्याबरोबर पुलीच्या बाजूने खडखडते, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी. दोन-चार सेकंदांत गप्प होते. मग दिवसभर काही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

खडखड गप्प होतच नाही. इंजिन गरम झालं तरी आयडलिंगला चालू राहते आणि ॲक्सिलरेटर जरासा दाबला की आवाज बदलतो.

चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी ००१६ किंवा त्याच्या आसपासचा कोड येतो. सोबत पिकअप मेलेला, सुरू व्हायला उशीर, सिग्नलला उभं असताना थरथर.

चालती गाडी एकदम बंद पडली, आणि आता सेल्फ मारला की नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो. एरवी इंजिन सेल्फला अडवत अडवत फिरतं, ते अडवणंच नाही. तुमची गाडी या गटातली असेल तर हे वाचून होईपर्यंत किल्ली काढून खिशात ठेवा. अजून एकदाही सेल्फ मारू नका.

आणि शेवटचं लक्षण म्हणजे काहीच लक्षण नाही. गाडी गुळगुळीत चालतेय, आवाज नाही, दिवा नाही. बेल्टच्या गाड्या बहुतेक वेळा अशाच असतात, आणि म्हणूनच त्यांची मला जास्त भीती वाटते. चेन जायच्या आधी महिनोन्‌महिने कुरकुरते. बेल्ट मुका असतो.

माझं गॅरेज इंदुरात रामबागेच्या बाजूला आहे. गिऱ्हाईक निम्मं मराठी, पण इथला मराठी माणूस घरचं सगळं मराठीत बोलतो आणि इंजिनाची तक्रार मात्र हिंदीतच सांगतो. ‘काका, गाडी खडखडा रही है, सबने बोला चेन गई.’ सबने म्हणजे शेजारी, मेहुणा आणि पेट्रोल पंपावरचा मुलगा. चेनची म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांची चेन मी उघडतही नाही, कारण दोष तिथे नसतोच. आणि ज्यांनी दोनदा किट बदलून घेतलंय त्यांच्या बाबतीत तर चेनवर संशय घेणं मी सगळ्यात शेवटी ठेवतो.

चेन की बेल्ट?

बॉनेट उघडा आणि इंजिनाच्या पुलीकडच्या टोकाला बघा. तिथे क्लिपांनी किंवा बारक्या बोल्टांनी बसवलेलं काळं प्लॅस्टिकचं झाकण असेल तर आत बहुधा रबरी बेल्ट आहे, कोरडा. इंजिनाला सिलिकॉनने चिकटवलेलं ॲल्युमिनियमचं जाड कव्हर असेल तर आत चेन, तेलात न्हाणारी. काही इंजिनांत बेल्टही तेलातच फिरतो, उदाहरणार्थ फोर्डचं १.० इकोबूस्ट. त्यांना चुकीचं तेल घातलं तर रबर फुगतं, त्याचा चुरा होतो आणि तो तेलाच्या जाळीत जाऊन बसतो.

गाडीच्या नावावरून ठरवू नका. जुन्या आय-टेनमध्ये १.१ च्या इंजिनाला बेल्ट आहे, १.२ च्या कप्पा इंजिनाला चेन. मारुती ८०० ला बेल्ट होता, नंतरच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांना चेन. डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट. जुन्या २.५ डिझेल इनोव्हालाही बेल्ट, आणि तिच्या मीटरमध्ये तर टी-बेल्ट नावाचा दिवाच आहे. ठरलेले किलोमीटर झाले की तो लागतो. माझ्याकडचा एक ड्रायव्हर त्याला सीटबेल्टचा दिवा समजून महिनाभर पट्टा लावून फिरत होता आणि दिवा जात कसा नाही म्हणून हैराण झाला होता. हा दिवा बेल्ट बघत नाही, नुसते किलोमीटर मोजतो. बेल्ट बदलल्यावर तो रीसेट करावा लागतो, आणि कुणी बेल्ट न बदलताच रीसेट केला तर दिव्याला कळायचं काही कारण नाही. सेकंडहँड घेताना हे ध्यानात असू द्या.

दोघांचं काम एकच. खाली क्रँक, म्हणजे पिस्टन जोडलेला दांडा, दोन फेरे फिरला की वर कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, बरोबर एक फेरा फिरला पाहिजे. पिस्टन वर येतो त्या जागेत थोड्या वेळापूर्वी व्हॉल्व उतरलेला असतो. अरुंद दारातून एक आत येताना दुसऱ्याने बाजूला व्हावं, तसं त्यांचं चालतं. आयडलिंगला ८०० आरपीएमवरसुद्धा एकेक पिस्टन सेकंदाला तेरा वेळा वर येतो. हा ताल बिघडला की हल्लीच्या बहुतेक इंजिनांत दोघांची टक्कर होते, आणि वाकतो तो व्हॉल्व.

चेनची खडखड: फुकटच्या तपासण्या आधी

पहिली तपासणी डिपस्टिकची, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायच्या काठीची. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. काठी पुसा, घाला, काढा. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर आज तरी दुसरं काही शोधायला जाऊ नका, तेल भरा आणि उद्या सकाळचा आवाज ऐका.

याचं कारण टेन्शनरमध्ये आहे. चेनला ताण देणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत तेलाच्या दाबावर चालतो. आत एक स्प्रिंग असते, पण खरा जोर तेलाचा. रात्रभरात थोडं तेल खाली उतरतं, सकाळी पंप ते पुन्हा वर चढवतो, तोवर चेन सैल राहून गाइडवर, म्हणजे तिला सरळ धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर आपटते. हीच ती दोन-चार सेकंदांची खडखड. एखादा सेकंद बऱ्याच गाड्या करतात. तो कालावधी महिन्यागणिक वाढत असेल तर ती तक्रार.

दुसरी गोष्ट म्हणजे तेलाचा ग्रेड. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं आणि इंजिनात २०डब्ल्यू-४० असतं, कारण कुणीतरी सांगितलं, ‘जुनी गाडी आहे, जाड तेल घाल, आवाज दबेल.’ इंजिन गरम झाल्यावर कदाचित दबेलही. पण जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा आठ-नऊवर येतो, तेव्हा ते जाड तेल बारीक भोकांतून टेन्शनरपर्यंत पोचायला वेळ लावतं. म्हणजे आवाज घालवायला घातलेलं तेलच आवाज करवतं. शेवटचं बिल काढून ग्रेड वाचा. बिल नसेल तर ग्रेड माहीत नाही असंच धरा आणि तेल बदला.

वयही बघा. ‘सात हजारच झालेत’ म्हणणारे खूप भेटतात, पण ते सात हजार तीन वर्षांत झालेले असतात. रामबागेतून राजवाड्यापर्यंत जायचं, भाजी घ्यायची आणि परत यायचं. एवढ्यात इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात साचत जाते. अशा गाडीचं तेल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर बदला. डिझेलवाल्यांनी तर टाळाटाळ करूच नये. काजळी मिसळलेलं तेल चेनच्या पिनांना पॉलिश पेपरासारखं घासतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तेलाचा फिल्टर. ज्यांचा फिल्टर डब्यासारखा आख्खा फिरवून बसवायचा असतो, त्याच्या आत रबराची एक चकती असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल परत खाली पळू नये म्हणून. हलक्या फिल्टरमध्ये हे रबर दोन महिन्यांत कडक होतं आणि रोज सकाळी फिल्टर रिकामा. असला फिल्टर बदलून खडखड गेलेल्या गाड्या मी कितीतरी बघितल्या आहेत. काही शे रुपयांचं काम. पुढच्या सर्व्हिसला नवीन फिल्टर बसवण्याआधी दोन्हींच्या भोकात बोट घालून बघा. नव्याचं रबर मऊ लागतं, जुन्याचं पापडासारखं.

हे तीन करून झाले आणि तीन-चार सकाळी आवाज आला नाही, तर तुमचं काम संपलं. पैसे वाचवा.

आवाज खरंच चेनचाच आहे का

इथे मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय. ओळखीच्या वहिनींची गाडी, सकाळची खडखड, मी बॉनेट न उघडताच चेनचा अंदाज सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी काम सुरू करायला म्हणून कव्हरकडे हात नेला तर एक्झॉस्टवरची उष्णता अडवणारी पत्र्याची शील्ड हातात हलली. बोल्टपाशी गंजून सुटली होती. एक क्लॅम्प लावला, आवाज गायब. वहिनी अजूनही दुकानात आल्या की विचारतात, ‘काय भावजी, चेन कशी आहे?’

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. इंजिन थंड असताना आधी शील्ड हाताने हलवून बघायची. मग फॅन बेल्टची बाजू: त्याचा टेन्शनर, अल्टरनेटरची पुली, एसीचा क्लच. यांची बेअरिंग गेली की पुलीच्याच बाजूने कुरकुर येते आणि ऐकणाऱ्याला वाटतं चेन. इंजिन बंद असताना फॅन बेल्ट उतरवायचा, मग गाडी जागेवरच उभी ठेवून इंजिन वीस-तीस सेकंद चालवून ऐकायचं. आवाज गेला तर चेनचा संबंध नाही. त्याहून जास्त वेळ चालवायचं नाही, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर बॉडी, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप, त्याच बेल्टवर असते, आणि उतरवण्याआधी बेल्ट कसा गुंडाळलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. हे पहिल्यांदाच करत असाल तर घरी करू नका, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून दहा मिनिटांत होतं.

लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या मागच्या हाडाला आणि टोक कव्हरला लावून ऐकायची पद्धत अजूनही उत्तम. पण मनगटावरचा गंडा-दोरा, ओढणी, सैल बाही आधी आवरा. रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो.

स्कॅनर काय सांगतो आणि काय नाही

मोबाइलला जोडायचं छोटं स्कॅनर यंत्र आता बऱ्याच जणांकडे असतं. चांगलं आहे. फक्त कोड पुसून टाकण्याआधी लिहून घ्या.

पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. ‘चेन लांबली’ असा त्याचा सरळ अर्थ नाही. कॅमचं टायमिंग तेलाच्या दाबाने पुढेमागे करणारा सोलेनॉइड अडकला, त्याच्या तोंडाची जाळी घाणीने भरली, तरी हाच कोड येतो. तो सोलेनॉइड दोन-तीन बोल्ट काढून बाहेर येतो. चेनसाठी अख्खं कव्हर उतरावं लागतं. आधी कुठलं उघडायचं हे सांगायला नको.

पी ०३४० आणि पी ०३३५ हे कॅम आणि क्रँक सेन्सरच्या सर्किटचे कोड आहेत. त्यांच्यात चेनचा दोष कमी आणि वायरिंगचा जास्त निघतो. पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि वायर कुरतडतात. कनेक्टर काढा, आत हिरवट बुरशी किंवा तेल आहे का बघा.

कोड पी ००१६, सोबत खडखड, आणि सुरू व्हायला उशीर, हे तिन्ही एकत्र असेल तर मात्र गाडी चालवत गॅरेजला आणू नका. चेन एखादा दात सरकलेली असू शकते. अजून एक सरकली तर व्हॉल्व वाकतील. पिकअप गाडीवर टाकून आणा. तेवढे पैसे हेडच्या, म्हणजे व्हॉल्व बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या, खर्चापुढे काहीच नाहीत.

घरच्या तपासण्या इथे संपतात. पुढचं काम क्रँक पुलीचा बोल्ट सोडवण्यापासून सुरू होतं. तो भयंकर घट्ट असतो, परत बसवताना ठरलेल्या टॉर्कने आणि ठरलेल्या अंशात फिरवावा लागतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो एकदा काढला की नवीनच घालायचा असतो. कॅम आणि क्रँक जागेवर पकडून ठेवायला त्या-त्या इंजिनाची लॉकिंग टूल्स लागतात. व्हिडिओत ते सगळं पंधरा मिनिटांत होतं. मी करतो तेव्हा दिवस जातो.

दोनदा किट बदललेली गाडी

लोकमान्य नगरातले एक काका, बँकेतून निवृत्त, १.२ पेट्रोल गाडी. दीड वर्षात दुसऱ्या ठिकाणी दोन वेळा चेन किट पडलं होतं. दर वेळी खडखड जायची आणि चार-सहा महिन्यांत परत. बिलं, तारखा, किलोमीटर, सगळं फायलीत लावलेलं. ती फाइल बघूनच माझं मत झालं की चेनचा यात दोष नाही. ज्याचा रोग दुसरीकडे आहे त्याला नवीन चेन म्हणजे तापावर नवीन चादर.

तेल, ग्रेड, फिल्टर, सगळं बरोबर. मग तेलाचा दाब मोजला. इथे एक सांगतो. मीटरमधला तेलाचा लाल दिवा लागत नाही म्हणजे दाब ठीक आहे, असं नाही. तो दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो, साधारण अर्ध्या बारच्याही खाली. टेन्शनर त्याच्या कितीतरी आधी उपाशी राहतो. म्हणून प्रेशर स्विच काढून त्याच्या जागी काट्याचं गेज लावायचं आणि इंजिन गरम असताना आयडलिंगला आणि वाढवून, दोन्ही आकडे मॅन्युअलशी ताडायचे. काकांच्या गाडीत आयडलिंगचा काटा हवा होता त्याच्या निम्म्यावर लोळत होता.

चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवलं. तेल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी वर करून दाखवली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘हे काय? शेवया?’

खरोखर शेवयाच दिसत होत्या. राखाडी सिलिकॉनचे लांब लांब तुकडे, एकमेकांत गुंतून जाळीच्या दोन तृतीयांश भागावर बसलेले. चेनचं कव्हर परत लावताना मिस्त्रीने कडेला बोटाएवढी जाड सिलिकॉनची वळी दिली होती. बोल्ट आवळल्यावर निम्मी बाहेर आली, ती त्याने पुसली. निम्मी आत गेली, ती कोण पुसणार? ती वाळली, तुटली, तेलासोबत खाली आली आणि पंपाने ती जाळीवर ओढून धरली. पहिल्या खेपेची खडखड कशाची होती देव जाणे, पण दुसरी पहिल्या दुरुस्तीनेच आणली होती आणि तिसरी दुसऱ्या दुरुस्तीने.

जाळी साफ केली, जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, नवीन वळी तीन मिलिमीटरची. टेन्शनर नवीन घातला. चेन मोजली, ठीक होती, तीच ठेवली. काकांनी त्या शेवया कागदाच्या पुडीत बांधून घेतल्या आणि निघाले. कुठे निघाले ते मी विचारलं नाही.

तुमच्याकडे किट एकदा पडलंय आणि आवाज परत आलाय, तर मिस्त्रीला सांगा: आधी दाब मोज, मग चेंबर उतरव, चेनचं बोल नंतर.

कव्हर उघडलंच तर

हा भाग मिस्त्री भावांसाठी, आणि गिऱ्हाइकाने शेजारी उभं राहून काय बघावं त्यासाठी.

चेन ‘लांबते’ म्हणजे लोखंड ताणत नाही. प्रत्येक कडीच्या पिनेपाशी केसाएवढी झीज होते आणि शंभराच्या वर कड्यांची ती बेरीज होते. जुनी आणि नवीन चेन एका खिळ्याला शेजारी शेजारी लटकवा, खालच्या टोकातला फरक डोळ्यांना दिसतो. टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय तेही चेन काढायच्या आधी बघा. शेवटच्या खाचेपर्यंत आला असेल तर चेन झिजली, याला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. गाइडच्या प्लॅस्टिकवर खोल चर पडलेत का, एखादा तुकडा उडालाय का ते बघा. उडाला असेल तर तो चेंबरमध्ये सापडलाच पाहिजे. सापडेपर्यंत काम पुढे न्यायचं नाही.

चेन झिजली असेल तर सगळंच बदला: चेन, गाइड, टेन्शनर, आणि चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकांचे, स्प्रॉकेटचे, दात टोकदार झाले असतील तर तीही. जुन्या स्प्रॉकेटवर नवीन चेन घातली तर ती जुनी व्हायला वेळ लागत नाही. पुढचा ऑइल सील त्यातच बदलून घ्या. तो स्वस्त आहे आणि नंतर गळला तर पुन्हा एवढीच मजुरी.

क्रँक आणि कॅमच्या टायमिंगच्या खुणा जुळवून झाल्यावर क्रँक हाताने, पान्याने, दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे टणक अडलं तर जोर लावू नका, खुणा चुकल्या आहेत. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा परत जागेवर येतात, पण चेनवरच्या रंगीत कड्या येत नाहीत. त्या फक्त बसवतानाच्या सोयीसाठी असतात आणि परत जुळायला खूप फेरे लागतात. नवीन पोरं इथे घाबरून सगळं पुन्हा उघडतात. मीही उघडलं होतं, पहिल्या वर्षी.

बसवेपर्यंत नवीन टेन्शनर दाबून धरणारी पिन काढली का? हसू नका, आवळून बंद केलेल्या कव्हरच्या आत पिन राहिलेली मी बघितली आहे.

बेल्टवाल्यांसाठी

बेल्टला एकच खरी तपासणी: शेवटचा कधी बदलला, आणि त्याचं बिल कुठे आहे. किलोमीटर आणि वर्षं, यातलं जे आधी भरेल ते. इंजिनागणिक आकडा वेगळा असतो, मॅन्युअलच्या सर्व्हिस तक्त्यात बघा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, त्यामुळे ‘गाडी फारशी चालवलीच नाही’ ही सबब चालत नाही. सेकंडहँड घेतली आणि बिल नाही, तर बदललेला नाही असं समजायचं. विकणाऱ्याने शपथ घेतली तरी.

वरचं प्लॅस्टिक झाकण सोडून टॉर्चने बघता येतं. चिरा, कडेचे सुटलेले धागे, चकाकी आलेली पाठ, तेलाचा ओलावा, कूलंटचे वाळलेले पांढरट-हिरवट डाग. यातलं काही दिसलं तर बदला. काही दिसलं नाही तर मात्र ‘चांगला आहे’ असं म्हणू नका, कारण हल्लीचे बेल्ट तुटायच्या आदल्या दिवशीही दिसायला चांगलेच असतात.

सुदामा नगरातलं एक कुटुंब ओंकारेश्वरला निघालं होतं. सेकंडहँड डिझेल, बेल्ट ‘मागच्या मालकाने बदललाय’. भेरूघाटात गाडी बंद पडली. भाच्याने उत्साहाने दहा-बारा वेळा सेल्फ मारला, मग उतारावर ढकलून सेकंड गिअरमध्ये सुरू करून बघितली. गाडी माझ्याकडे आली तेव्हा कव्हर उघडून बघतो तर बेल्ट तुटलाच नव्हता. बेल्ट खरंच नवीन होता! फक्त वीतभर जागेत त्याचे दात साफ सोलून निघाले होते, हात फिरवला तर बुटाच्या तळव्यासारखा गुळगुळीत. मागच्या मालकाने खोटं सांगितलं नव्हतं, पण त्याने नुसता बेल्टच बदलला होता. वॉटर बॉडी जुनीच ठेवली, तिचं बेअरिंग घाटात जाम झालं, आणि अडलेल्या बेल्टचे दात क्रँकने खाल्ले. हेड उतरवल्यावर वाकलेले व्हॉल्व टेबलावर ओळीने मांडले. भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

सगळं नुकसान सेल्फने केलं असं नाही, बरंचसं त्या पहिल्या क्षणातच होतं. पण बेल्ट कधीकधी नुसता दात सरकून थांबतो, तेव्हा व्हॉल्व शाबूत असतात आणि सेल्फच त्यांना वाकवतो. रस्त्यात उभं राहून यातलं काय झालंय हे तुम्हाला कळू शकत नाही. म्हणून नियम सरसकट: बंद पडली आणि सेल्फ हलका फिरला, तर ना सेल्फ, ना धक्का. न्यूट्रलमध्ये ओढून किंवा गाडीवर चढवून न्यायची.

म्हणून बेल्ट बदलताना टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारं चाक) आणि वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर असेल तर तीही, एकाच वेळी. मजुरी तेवढीच लागते. नवीन बेल्ट मुडपून, पिळून खिशात घालणारा मिस्त्री दिसला तर तो बेल्ट घेऊ नका, आतले धागे मोडतात.

बेल्ट गेल्यावर थेट हेड उतरवायची घाई मात्र करू देऊ नका. आधी नवीन बेल्ट तात्पुरता खुणेवर चढवून, क्रँक हाताने फिरवून कॉम्प्रेशन बघता येतं. क्वचित नशीब चांगलं निघतं. खराब निघालं तर हेड उतरवून लेथवाल्याकडे, आणि तिथे फक्त वाकलेले नाही तर सगळे व्हॉल्व आणि त्यांचे गाइड तपासायला सांगा.

काम झाल्यावर

जुने पार्ट मागून घ्या, पिशवीत घालून घरी न्या. बिलावर तारीख, किलोमीटर आणि पार्टचा नंबर हवा. छोटी ग्वालटोलीतून स्वतः सामान आणणार असाल तर खोक्यावरचा नंबर गाडीच्या इंजिन नंबराशी जुळवून घ्या, एकाच मॉडेलला दोन-दोन प्रकारच्या चेन असतात. प्लॅस्टिक कव्हरवर पक्क्या मार्करने किलोमीटर लिहून ठेवा. पुढचा मालक दुवा देईल.

चेन बदलली असेल तर पहिलं तेल-फिल्टर हजार किलोमीटरलाच बदला, आत राहिलेली घाण निघून जाते. आणि चढावर गाडी नुसत्या गिअरवर सोडून जाऊ नका. गाडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरतं, आणि टेन्शनर चेनच्या ज्या बाजूला असतो ती बाजू नको तेव्हा ताणली जाते. चेन झिजलेली असेल तर तेवढ्यात दात सरकू शकतो. आधी हँडब्रेक, मग गिअर.

पहिल्या सकाळी थोडी खडखड आली तर मला लगेच फोन करू नका, नवीन टेन्शनरमधली हवा निघायला एखादी सुरुवात जाते. तिसऱ्या सकाळीही आली तर गाडी सुरूच न करता फोन करा.